गमरेबाईंचं रीळ

स्टाफरूममध्ये सात कपबश्या ट्रेमध्ये पालथ्या ठेवलेल्या असायच्या, आणि आठवी खिडकीच्या कट्ट्यावर. आठवी कौसल्या गमरेची. तसा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी काही बोललंही नव्हतं. पहिल्याच दिवशी शिपायाने तिचा चहा वेगळ्या कपात आणला, प्यायल्यावर तो कप विसळून कट्ट्यावर ठेवला, आणि पुढे तो तिथेच राहिला. परळच्या त्या मुलींच्या शाळेत ती त्रेपन्न साली लागली. तिच्या समाजातली ती तिथली पहिलीच शिक्षिका. वरळीच्या बीडीडी चाळीतून रोज चालत यायची. बाप, रामजी गमरे, जन्मभर मिलच्या रिंगखात्यात सूत कातत राबला. विणाईखात्यात पगार बरा होता, पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळ नको म्हणत त्यांच्या माणसांना तिथे घेत नसत. त्या रिंगखात्याच्या पगारावर रामजीने मुलीला बी.ए., बी.टी. केलं आणि ती नोकरीला लागली त्या वर्षीच तो गेला.

कौसल्याकडे दहावीचं मराठी होतं. पंचावन्नच्या गणपतीनंतर तिने वर्गाला निबंध घातला, ‘आमची चाळ’. बेचाळीस वह्या आल्या. ती एका बैठकीत सगळ्या तपासायला बसली आणि विसाव्या वहीला तिने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि उरलेल्या वह्यांची नुसती पहिली ओळ पाहिली. बेचाळीसच्या बेचाळीस वह्यांत पहिलं वाक्य एकच होतं: ‘आमच्या चाळीत सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.’ निबंधांच्या मार्गदर्शक पुस्तकातून उचललेलं. खुद्द तिच्या शाळेत कप कट्ट्यावर ठेवतात, आणि मुली गुण्यागोविंदाने राहतात.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेल्या गेल्या तिने विचारलं, “हे तुम्ही कुणासाठी लिहिलंत?”

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तिसऱ्या बाकावरची नलू चेंदवणकर उठली. शेलाटी, सावळी, बोलताना मान जरा तिरकी करायची. “मार्कांसाठी, बाई.”

वर्ग हसला. कौसल्या हसली नाही. “मार्क वाचायला येत नाहीत, नलू. वाचणारं माणूस कोण?”

“तुम्हीच की.”

“आणि मला हे पटेल असं वाटलं तुला?”

नलू म्हणाली, “तुमचा विचारच केला नव्हता, बाई.”

हे उत्तर कौसल्याला फार आवडलं. त्या दिवशी तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आधी समोर कोण आहे ते बघा’, आणि वर्ष संपेपर्यंत ते पुसू दिलं नाही.

पण फळ्यावर लिहून मुलींना ते येईना. पत्र लिहा म्हटलं की ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ सुरू व्हायचं, मग ते पोस्टमास्तरला असो की मावशीला. तेव्हा तिला शाळेच्या कपाटातला कॅमेरा आठवला. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला शाळा चालवणाऱ्या मंडळाने चावीचा सिनेमा-कॅमेरा घेतला होता. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचं एक रीळ काढून झालं आणि तो फडक्यात गुंडाळून ठेवला गेला. कौसल्याचा भाऊ आनंदा दादरला फिल्म धुण्याच्या कारखान्यात होता. कच्च्या फिल्मचे उरलेसुरले तुकडे तिथे पडलेले असत, मुकादमाला विचारून तो ते आणू शकत होता, आणि काढलेली फिल्म धुऊनही देऊ शकत होता.

हेडमास्तर वर्तक भला माणूस, पण कशालाही भ्यायचा. “निबंधाच्या तासाला सिनेमा? बाई, अभ्यासक्रमात कुठे आहे हे?”

“सर, मुलींना वाक्यामागून वाक्य का येतं ते कळत नाही. चित्रामागून चित्र का येतं ते कळेल. मग वाक्याचंही कळेल.”

वर्तकांनी चष्मा पुसला, परत घातला. शेवटी एका अटीवर परवानगी दिली: शाळेचा पैसा खर्च व्हायचा नाही, आणि मंडळाचे चिटणीस मुकुंदराव धारप यांच्या कानावर आधी घालायचं. धारप म्हणजे शेजारच्या मिलचे लेबर ऑफिसर. मिलच्या चाळी, मिलची माणसं आणि शाळेचं मंडळ, तिन्हींच्या दोऱ्या त्यांच्या हातात. ते नको म्हणाले नाहीत. “करू दे की. जरा वेगळं काही होईल,” एवढंच म्हणाले.

मग आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर दहावीच्या वर्गात खिडकीच्या गजांना आडवी दोरी बांधली जाऊ लागली. आनंदाने आणलेले फिल्मचे टाकाऊ तुकडे मुली कपड्यांच्या चिमट्यांनी त्या दोरीवर लावत आणि उजेडाला धरून बघत. कौसल्या सांगायची, हा रडणाऱ्या बाईचा तुकडा. याच्या आधी रिकामा पाळणा लावा. आता काढा, त्याजागी कांदे चिरणारे हात लावा. बाई तीच, रडणं तेच, बदललं काय? मुली हरखून जायच्या. चिमटे इकडचे तिकडे करून दहा दहा अर्थ काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी वहीत वाक्यांची तीच उलथापालथ करून आणायच्या. दोन महिन्यांत वर्गाचं लिहिणं बदललं. शेवंती नावाची एक मुलगी, जी सबंध पान भरायला कुंथायची, तिने आजीच्या आंधळेपणावर सहा ओळी लिहिल्या आणि कौसल्याला त्या वाचून पुढची वही उघडवेना.

या सगळ्यात नलूचा हात धरणारी कुणी नव्हती. काय दाखवायचं यापेक्षा काय दाखवायचं नाही हे तिला आधी कळायचं. तिचे वडील बाबुराव मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, राहायला मिलच्याच चाळीत. विषयही तिनेच सुचवला. चाळीत चौसष्ट बिऱ्हाडांना एक नळ, आणि त्याला पहाटे जेमतेम तासभर पाणी.

“आणि समोर कोण?” कौसल्याने विचारलं.

“म्युनिसिपालटीचा पाणीवाला साहेब,” नलू म्हणाली. “त्याला दया यायला नको. त्याला भीती वाटायला हवी.”

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मुली कॅमेरा घेऊन चाळीत गेल्या. पाणी येऊन गेलं होतं, तरी बायकांनी रांगेत हंडे तसेच ठेवले होते. नलूने हंडे घेतले, नळाच्या तोंडाला लोंबणारा थेंब घेतला, एका म्हातारीची पावलं घेतली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा दत्ताराम शिरवडकर पाळीवरून आला. विणाईखात्यातला माणूस, तिशीतला, दोन मुलींचा बाप, चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचा. नुकते पतंग सुरू झाले होते आणि त्याच्या थोरलीचा पतंग नळावरच्या तारेत अडकून बसला होता. पोर खाली भोकाड पसरून उभी. दत्तारामने हातातला डबा बाजूला ठेवला, खडा उचलला, एक डोळा मिटून नेम धरला आणि अंगातली सगळी ताकद लावून तो भिरकावला. तिसऱ्या खड्याला पतंग सुटला. बायका हसल्या. नलूच्या कॅमेऱ्याची चावी चालूच होती. खडा मारताना दत्ताराम आला, मग तारेवरून गिरक्या घेत खाली येणारा पतंग आला, मग पोरीचं तोंड.

आनंदाने फिल्म धुऊन आणली आणि तुकडे दोरीवर लागले. कौसल्या म्हणाली, “पतंगाचा नळाशी काय संबंध? तो फाफटपसारा काढा.”

नलूने पतंगाचा तुकडा काढला, पोरीचा काढला. दत्ताराम मात्र चिमट्यालाच ठेवला. बराच वेळ बघत उभी राहिली, आणि मग तिने तो थेंबाच्या तुकड्यानंतर लावला. कोरडा नळ, शेवटचा थेंब, आणि लगेच दात-ओठ खाऊन दगड भिरकावणारा माणूस. त्यापुढे रिकामे हंडे.

कौसल्या दोरीजवळ आली आणि तिने ते तुकडे पुन्हा ओळीने पाहिले. हे खरं नाही, हे तिला कळलं होतं. पण खरं नसून इतकं खरं वाटतंय, हेच तर ती दोन महिने शिकवत होती.

“नलू,” ती म्हणाली, “साहेब घाबरेल.”

पतंगाचा तुकडा त्या संध्याकाळी केराच्या टोपलीत गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये चादर लावून ते रीळ दाखवलं. म्युनिसिपालटीचे साहेब आले होते. चाळीतली माणसं आली होती. दत्तारामने स्वतःला पडद्यावर बघून मोठ्याने “अरे वा रे वा!” केलं आणि हॉल खो खो हसला. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चाळीला अर्धा तास जास्त पाणी येऊ लागलं. धारपांनी वर्तकांना आणि वर्तकांनी कौसल्याला शाबासकी दिली. तिच्या शाळेतल्या नोकरीत एवढा सुखाचा आठवडा दुसरा आला नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरगावपासून लालबागपर्यंत माणसं रस्त्यावर आली. संचारबंदी, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. वरळीलाही शांतता नव्हती. कौसल्या चार दिवस घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी शाळेत आली तर पोर्चमध्येच शेवंती भेटली. म्हणाली, “बाई, दत्तारामकाका गेले.”

झालं होतं ते असं. त्याच्या धाकटीला डांग्या खोकला होता. संचारबंदी दोन तास उठली तेव्हा तो औषध आणायला बाहेर पडला. दवाखान्यात औषध हवं तर बाटली घरून न्यावी लागे, ती रिकामी बाटली त्याच्या हातात होती. लालबागच्या कोपऱ्यावर जमाव पळत आला, मागून गोळ्या आल्या. मोर्च्यात तो कधी गेला नव्हता. भजन आणि मिल यांपलीकडे त्याला तिसरं ठिकाण नव्हतं.

महिन्याभराने त्याची बायको सुभद्रा कौसल्याला शोधत शाळेच्या फाटकाशी आली. मालवणकडची, ठेंगणी, बोलताना पदर दातांत धरायची. तिने मिलमध्ये अर्ज केला होता. नवऱ्याच्या जागी तिला सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यात घ्यावं आणि चाळीतली खोली तिच्याकडेच ठेवावी. एरवी असं होत असे. तिला मात्र खोली सोडायचं पत्र आलं होतं.

“धारपसायब सांगतत, तुझो घोव दंगेखोर होतो,” ती म्हणाली. “हातात बाटली होती म्हणतत. आणि दगड मारताना त्यांनी डोळ्यांनी बघल्यानी म्हणतत.”

“डोळ्यांनी? कुठे?”

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. “तुमच्या शिनेमात, बाई.”

कौसल्या तशीच तडक मिलच्या ऑफिसात गेली. धारपांनी तिला बसायला खुर्ची दिली. त्यांच्या बोलण्यात कधी चढा सूर नसायचा, हीच त्यांची खोड.

तिने सगळं सांगितलं. पतंग, तार, रडणारी पोर. तुकडे काढले कसे आणि जोडले कसे.

धारपांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे त्या दिवशी म्युनिसिपालटीच्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही जे दाखवलंत, ते खोटं होतं?”

“खोटं नाही. पाणी नव्हतंच. फक्त—”

“माणूस नळावर चिडून दगड मारत नव्हता.”

“नाही.”

“पण तसं दिसेल असं तुम्ही जोडलंत. विद्यार्थिनींकडून जोडून घेतलंत. बाई, तुम्ही आज म्हणता पतंग होता. तेव्हा म्हणालात नळ होता. मी कुठलं धरू? तुकडा कुठे आहे पतंगाचा?”

तुकडा कुठे होता? टोपली रोज सकाळी रिकामी होत होती.

“चाळीतल्या बायकांना विचारा,” कौसल्या म्हणाली. “वीस जणी होत्या.”

“तुम्हीच विचारा,” धारप म्हणाले. “ज्या सांगतील त्यांना घेऊन या.”

ती चाळीत दारोदार फिरली. बायकांनी तिला चटई दिली. चहाही दिला, आपल्याच कपात. सगळ्यांना पतंग आठवत होता. ऑफिसात यायला एकही तयार झाली नाही. एकीने दार लोटता लोटता सांगितलं, “खोली सगळ्यांचीच मिलची आहे, बाई. शिरवडकरणीची गेली, आमची कशाला घालवता?”

मग उरली नलू. तिनेच कॅमेरा धरला होता, तिनेच तुकडा काढला होता. कौसल्याने वर्तकांच्या हातापाया पडून मंडळासमोर चौकशी मागितली आणि फेब्रुवारी संपता संपता ती झाली. हेडमास्तरांच्या खोलीत खिडक्या बंद करून भिंतीवर रीळ लावलं. दत्तारामने परत एकदा दगड भिरकावला. या वेळी कुणी हसलं नाही. खोलीत धारप होते, वर्तक होते, मंडळाचे आणखी दोघे. नलू वडिलांच्या शेजारी उभी होती. बाबुराव जॉबरने टोपी काढून हातात धरली होती.

धारपांनी अगदी मायेने विचारलं, “बाळ, घाबरू नकोस. तू हे काढलंस तेव्हा तिथे पतंग होता?”

नलूने वडिलांकडे पाहिलं नाही. धारपांकडे पाहिलं, मान तिरकी करून, नीट, एखादा तुकडा उजेडाला धरून बघावा तसं.

“मला आठवत नाही, सर,” ती म्हणाली. “मी फक्त माणूस घेतला होता.”

कौसल्याने तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. बाबुराव पुढे निघून गेले होते. “नलू! तूच तर काढलास तो तुकडा. तुझ्या हातांनी. काय म्हणालीस तू हे?”

नलूचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. उर्मटपणाही नव्हता त्यात. तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं तिने दिलं. “बोलायच्या आधी समोर कोण आहे ते बघायचं, बाई. समोर धारपसाहेब होते.”

आणि दोन्ही वेण्या पाठीवर टाकून ती वर्गात गेली.

मार्चअखेर सुभद्राने खोली सोडली. माहीमला खाडीलगत एका नातलगाच्या पडवीत दोन मुलींना घेऊन राहिली आणि लोकांची धुणीभांडी करू लागली. डांग्या खोकल्याची धाकटी पुढच्या पावसाळ्यात गेली. शाळेत कौसल्याचं दहावीचं मराठी काढून घेतलं. कारण कागदावर लिहिलं होतं: ‘अभ्यासक्रमबाह्य प्रयोग’. तिला पाचवीचं शुद्धलेखन आणि शिवण दिलं. रीळ मंडळाने जप्त केलं. ऑक्टोबरात वरळीच्या तिच्या चाळीतली माणसं धम्मदीक्षेला नागपूरला गेली तशी तीही आनंदाबरोबर गेली, पांढरं पातळ नेसून. त्या अफाट गर्दीत उभी राहून तिने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्यांतली एक खोटं न बोलण्याची होती. ती म्हणताना तिचा आवाज अडला, आणि आनंदाला वाटलं, ताईला भरून आलं.

सुभद्राकडे ती महिन्यातून एकदा जायची. माफी मागायचा तिने एकदा प्रयत्न केला. सुभद्राने तिला मधेच तोडलं आणि विचारलं, “भात जेवतास?” त्यानंतर तिने मागितली नाही.

चार वर्षं गेली. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीने निवडणुका जिंकल्या, वारं फिरलं, आणि धारपांनाही फिरलेलं वारं कळलं. साठ साली महाराष्ट्र झाला. एक मेच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मांडव पडला, पताका लागल्या, आणि विभागातल्या हुतात्म्यांच्या कुटुंबांचा सत्कार जाहीर झाला. कौसल्याला बोलावणं नव्हतं. ती शिक्षिका म्हणूनच गेली आणि मागच्या बाकावर बसली. पुढच्या रांगेत सुभद्रा होती, नवं हिरवं लुगडं नेसलेली. सत्कारासाठी मंडळानेच ते दिलं होतं.

भाषणं झाली. धारप बोलले. “आपल्याच चाळीतला, आपल्याच मिलमधला हा वीर,” म्हणताना त्यांचा गळा दाटून आला, आणि तो दाटलेला खोटा नव्हता, याचंच कौसल्याला सगळ्यात वाईट वाटलं. मग दिवे मालवले आणि चादरीवर रीळ सुरू झालं.

तेच रीळ. पण नळ नव्हता. हंडे नव्हते. थेंब नव्हता. आधी कुणीतरी मिळवलेला मोर्च्याचा तुकडा होता, झेंडे, उघडी तोंडं. मग दत्ताराम. दात-ओठ खाऊन, हात मागे नेऊन. दगड सुटला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ‘हुतात्मा दत्ताराम शिरवडकर’. लाउडस्पीकरवरून एका मुलीचा स्वच्छ, ठाम आवाज येत होता: “हा हात कुणापुढे पसरला नाही. हा हात उठला तो आपल्या भाषेसाठी, आपल्या मातीसाठी!” मांडव टाळ्यांनी दणाणला. बायका डोळे पुसत होत्या. कौसल्याने आवाज पहिल्याच वाक्याला ओळखला. नलू आता कॉलेजात होती, आणि वक्तृत्वाची बक्षिसं तिच्याशिवाय कुणाला मिळत नव्हती.

दिवे लागले. कौसल्या उठून उभी राहिली. तिला वाटलं, आता तरी. आता समोर कुणीही असो. ती बाकांमधून पुढे आली, तशी सुभद्राने मागे वळून पाहिलं आणि तिला ओळखलं. हात लांब करून तिने कौसल्याचं मनगट धरलं आणि तिला खाली वाकवलं.

“बाई, गप ऱ्हवा,” ती कानाशी म्हणाली. “माका वाइंडिंगात घेतत. खोली परत दितत.”

“सुभद्राबाई, पण ते तसे नव्हते. तुमच्या मुलीचा पतंग—”

“माका ठाऊक नाय?” सुभद्राच्या बोटांची नखं तिच्या मनगटात रुतली. “दंगेखोराच्या बायलेक खोली नाय. हुतात्म्याच्या बायलेक खोली गावता. पतंग काढणाऱ्याच्या बायलेक काय गावता, सांगा.”

व्यासपीठावरून सुभद्राचं नाव पुकारलं गेलं. ती मनगट सोडून उठली, पदर सारखा केला आणि नारळ घ्यायला पायऱ्या चढली. धारपांनी वाकून तिला नमस्कार केला. तिने पदर दातांत धरला नव्हता.

मांडवाबाहेर नलूने बाईंना गाठलं. वाकून पाया पडली. “बाई, मी मुद्दाम तो भाग लिहायला मागून घेतला. मला वाटलं, निदान त्यांच्या घरचं काहीतरी होईल. झालंही. मी चुकले का?”

कौसल्याने तिच्याकडे पाहिलं. पोर खरोखरच विचारत होती. चार वर्षं हे विचारायला तिने माणूस शोधला असेल, आणि तो माणूस आपणच, हे कौसल्याला कळलं. ‘चुकलीस’ म्हणावं तर सुभद्राच्या हातातला नारळ दिसत होता. ‘नाही’ म्हणावं तर जीभ उचलत नव्हती.

“भाषा चांगली होती,” ती म्हणाली आणि चालू लागली.

सुभद्रा पुढे वीस वर्षं वाइंडिंगखात्यात होती. खोलीत तिने नवऱ्याची तसबीर लावली, ती मंडळाने दिलेली, त्या रिळातलीच, हात उगारलेली. थोरली मुलगी शाळेत ‘माझे वडील’ या निबंधात त्यांनी पोलिसांवर कसा दगड फेकला ते लिहायची. तिला पतंग आठवत होता की नव्हता, कुणी विचारलं नाही.

कौसल्या त्याच शाळेत अठ्ठ्याहत्तरपर्यंत शिकवत राहिली. काही वर्षांनी तिला परत मराठी मिळालं. पण ती आता फक्त व्याकरण करून घ्यायची: विरामचिन्हं, ऱ्हस्व-दीर्घ, समास. मुली तिला रुक्ष म्हणायच्या. निबंधाच्या तासाला कुणी विचारलं, “बाई, सुरुवात कशी करू?” तर ती म्हणायची, “मार्गदर्शकात आहे तशी कर.” एका वर्षी दहावीच्या सगळ्या वह्या तपासून झाल्यावर इन्स्पेक्टरने रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, ‘शुद्धलेखन उत्तम. शिक्षिका अत्यंत विश्वासार्ह.’ वर्तकांच्या जागी आलेल्या नव्या हेडमास्तरांनी तो तिला वाचून दाखवला. तिने खाली सही केली आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेली.